अज्ञात समाजकंटक

आमच्या चर्चसमोर शहरातल्या वारसा कार्यालयानं एक चकचकीत फलक लावलाय. सान मामेसचं चर्च, बारावं शतक. दक्षिणेला सात कमानींची पडवी, त्यातला एक खांब पिळाचा. वळचणीखालच्या दगडांवर कोरलेली माणसं आणि जनावरं. पश्चिमेला घंटांची उंच, सपाट भिंत. इथवर सगळं खरं. शेवटची ओळ अशी आहे: ‘मूळ लाकडी दरवाजा अज्ञात समाजकंटकांनी नष्ट केला.’

ही ओळ वाचली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझी खानावळ पडवीच्या बरोबर समोर, त्यामुळे ती मला रोज वाचावी लागते. अज्ञात म्हणे! आमच्या आख्ख्या पेन्यासोर्दा गावाला ठाऊक आहे, कार्यालयाला ठाऊक आहे आणि ज्या पाद्रीबुवांनी त्या फलकावर पवित्र पाणी शिंपडलं त्यांनाही ठाऊक आहे. दरवाजा बेनिल्देमावशीनं तोडला. एकटीनं, दिवसाढवळ्या, माझ्या नवऱ्याच्या कुऱ्हाडीनं. का तोडला ते कुणी लिहीत नाही, म्हणून मी सांगतेय.

बेनिल्देचा जन्म चर्चला पाठ लावून उभ्या असलेल्या घरातला. तिचा बाप घंटा वाजवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. आमच्या घंटेनं कधी किती वाजले ते सांगितलं नाही. त्यासाठी सूर्य होता आणि पोट होतं. घंटा कामाचं तेवढं बोलायची. कोण गेलं, बाई की बाप्या. आग कुठल्या आळीला लागली. गारांचा काळा ढग चढला की बार्बराला, म्हणजे थोरल्या घंटेला, नुसतं बदडून काढायचं, की ढग फुटतो. गावकीचं काम निघालं, ओढ्याला बांध घालायचा असो की चर्चचं छप्पर चाळायचं असो, घंटा झाली की घरटी एक माणूस पडवीत हजर. ज्या घरचं कुणी येणार नाही त्या घराला गाव पुढचं वर्षभर टोचून खातं.

आणि धुकं. गावाच्या वर साबिनाच्या झाडांचा माळ पसरलाय. हिवाळ्याच्या तोंडावर तिथं असं धुकं उतरतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मागे सरळसोट कडा. खालून हाक मारली तर ती कड्यावर आपटून चहूकडून परत येते आणि हरवलेला माणूस नेमका उलट्या दिशेला चालू लागतो. बार्बराचा आवाज मात्र उंचावरून, एकाच बाजूनं येतो. म्हणून हरवलेल्यांसाठी वेगळे टोले होते. तीन टोले, मग एक प्रार्थना पुटपुटून होईल एवढा थांबा, पुन्हा तीन. इथल्या प्रत्येक पोराला चालायला येण्याआधीपासून शिकवतात: पहिल्या तिनाला असशील तिथं बस. दुसऱ्या तिनाला आवाजाकडे तोंड कर. तिसऱ्या तिनाला चालायला लाग. पहिल्याच टोल्यांना धावत सुटलेले कड्यावरून खाली गेलेत, आणि शिकवताना त्यांच्या कबरी दाखवतात. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूनं मला आधी हे शिकवलं, चूल कशी पेटवायची ते नंतर.

बेनिल्दे लहान असतानाच तिच्या बापाचा खांदा निकामी झाला. मुलीच्या जातीनं घंटा वाजवावी का, यावर पडवीत गावकी बसली. एक म्हातारा म्हणाला, बाईचा हात लागला तर घंटा तडकेल. चर्चा चालू असतानाच ढग चढला. पोरगी कुणाला न विचारता वर गेली आणि तिनं बार्बराला असं काही झोडपलं की गारा आमचं गाव सोडून पलीकडच्या गावात पडल्या. त्या गावानं आम्हाला अजून माफ केलेलं नाही. आमच्या गावकीनं मात्र तोंड मिटलं आणि हातभर लांबीची लोखंडी किल्ली बेनिल्देच्या दारामागच्या खिळ्यावर गेली.

ती तिथंच राहिली. नवरा बिल्बाओला कारखान्यात गेला, तिलाही ये म्हणाला. “आणि घंटा कोण वाजवणार, तुझी आई?” एवढंच तिनं विचारलं. तो दर ऑगस्टला येत राहिला, मग एका ऑगस्टला आला नाही. गावातली निम्मी धुराडी थंड पडली. कुणी पाहुणा चर्च बघायला आला की दारावर चिठ्ठी असायची, किल्ली बेनिल्देकडे. ती कमरेला निळं एप्रन बांधून यायची, दार उघडायची आणि पाहुण्याला आधी वळचणीखालचा तो ढुंगण दाखवणारा दगडी माणूस दाखवायची. “हा कर गोळा करणाऱ्यांकडे बघतोय,” म्हणायची. खरं-खोटं त्या पाथरवटालाच ठाऊक.

पण तिचा खरा जीव दारावर. साबिनाच्या जाड फळ्या, त्यांवर लोखंडी वेलबुट्टी, कुठल्या लोहारानं ठोकली देव जाणे. आठशे वर्षं झाली तरी पावसाळी हवेत त्या लाकडाला वास सुटायचा. दरवर्षी सान मामेसच्या जत्रेआधी ती जवसाचं तेल गरम करून फडक्यानं ते दार चोळायची, अंग चोळावं तसं. दाराला टेकून उभ्या राहणाऱ्या पोराला चापट ठरलेली. एकदा बिशपसाहेब आले आणि त्यांनी आपली ओली छत्री दाराला टेकवली. मावशीनं ती उचलून त्यांच्याच हातात दिली. “महाराज, हिला भिंत आहे,” म्हणाली.

मग वारसा कार्यालय आलं. चर्च म्हणे त्यांच्या नावावर लागलं. गावाच्या नावावर का नाही, तर गावाकडे कागद नाही. आपल्या घरच्या चुलीचा कागद कोण ठेवतं? छप्पर आमचं, खांद्यावरून वाहिलेलं. भिंतीत भरलेली खडी आमच्या आज्यांनी टोपलीनं आणलेली. ही माणसं इतकी वर्षं कुठं होती, छप्पर गळत होतं तेव्हा? तेव्हा एक चिटपाखरू फिरकलं नाही. फुकट खायला मात्र सगळे वेळेवर हजर.

कार्यालयाचा साहेब होता बेल्त्रान नावाचा, तरणा, गोड बोलणारा. जुनं कुलूप काढून त्यानं नवं बसवलं. बार्बराचा दोर काढला, आतला लोलक काढला, बाहेरून विजेवर चालणारा हातोडा बसवला.

“मावशी, आता तुम्हाला कष्ट नकोत,” तो म्हणाला. “आराम करा.”

“आरामाला मागे दफनभूमी आहे की,” मावशी म्हणाली. “ही वाजणार कधी?”

“तासातासाला. आणि रविवारी प्रार्थनेला. सगळं आपोआप.”

“आणि हरवलेल्यांसाठी?”

बेल्त्रान हसला. हसला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. “मावशी, आता लोकांकडे मोबाईल असतात.”

“असतात ना. आमच्याकडे रेंजसाठी दफनभूमीच्या भिंतीवर चढावं लागतं. हरवलेल्यानं आधी तिथं यायचं आणि मग फोन करायचा?”

खानावळीत हशा पिकला. बेल्त्रानही त्यात सामील झाला, वरिष्ठांशी बोलतो म्हणाला आणि नवी किल्ली खिशात घालून शहरात गेला. जुनी किल्ली त्यानं मावशीला ‘आठवण म्हणून’ दिली. कुलूप नसलेली किल्ली! तिनं ती पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. मला तेव्हाच चार शिव्या हासडायला हव्या होत्या, पण माझ्या हातात त्याच्याचसाठी केलेल्या लसणाच्या सुपाची वाटी होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी फिलेमोन माळावर आळंबी काढायला गेला. फिलेमोन म्हणजे मावशीचा शेजारी. म्हातारा मेंढपाळ, मेंढ्या विकल्या पण माळ सुटला नाही. दोघांच्या मध्ये एक अक्रोडाचं झाड होतं. झाड तिचं, फांद्या त्याच्या अंगणात. त्या अक्रोडांवरून दोघांचं इतकं भांडण की नाताळातसुद्धा एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या त्या माझ्यामार्फत. “त्या चोराला सांग, मेरी ख्रिसमस.” असं.

जेवणं होता होता धुकं उतरलं. फिलेमोन आला नाही. माणसं माळाच्या तोंडापर्यंत गेली, ओरडली, मोटारींचे हॉर्न वाजवले. कड्यानं सगळा आवाज चारी दिशांना उधळून दिला. पुढं जावं तर आणखी दोघं हरवणार. थंडी अशी की मिश्यांवर दव गोठत होतं.

आम्ही पडवीत गोळा झालो होतो. तेवढ्यात तीन वाजले आणि त्या यंत्रानं बार्बरावर तीन टोले मारले.

मावशी पिळाच्या खांबापाशी उभी होती. तिनं छातीवर हात मारला. “बसला गं,” ती मला म्हणाली. “ऑरेया, तो बसला!”

मला क्षणभर कळलं नाही. मग लख्ख कळलं. सत्तर वर्षं फिलेमोननं घंटेला वेळ सांगताना ऐकलेलं नव्हतं. नवं यंत्र बसून महिनाही झाला नव्हता. धुक्यात तीन टोले म्हणजे एकच गोष्ट. तो आता एखाद्या दगडावर बसला असणार, दुसऱ्या तिनाची वाट बघत. आणि दुसरे तीन येणार नव्हते. चारला चार येणार होते, पाचला पाच. तो उठणार नव्हता. कारण उठून धावणाऱ्यांच्या कबरी त्यालाही दाखवल्या होत्या.

मी खानावळीतल्या फोनवरून कार्यालयाला फोन लावला. दोनला बंद झालेलं. शेवटी बेल्त्रानचा खासगी नंबर लागला, मागे ताटल्यांचा आवाज येत होता. मावशीनं माझ्या हातातून फोन हिसकावला.

“साहेब, घंटा वाजवायचीय. माणूस बसलाय धुक्यात.”

“मावशी, किल्ली कार्यालयात आहे. आता सोमवारीच उघडेल. तुम्ही पोलिसांना कळवा.”

“कळवलंय. घाटात धुकं आहे, ते निघालेत म्हणे, पोचतील तेव्हा पोचतील. फिलेमोनला काय सांगू, सोमवारपर्यंत बस म्हणून?”

“मी प्रयत्न करतो. पण कृपा करून दाराला हात लावू नका. ते साऱ्या देशाचं आहे.”

मावशीनं फोन ठेवला. नीट, हळू ठेवला. “साऱ्या देशाचं,” ती म्हणाली. “मग देशानं येऊन उघडावं की.”

घंटेकडे जाणारा जिना भिंतीच्या जाडीतून वर चढतो, आणि त्याचं तोंड चर्चच्या आत. खिडक्या म्हणजे हात जाईल एवढ्या फटी. शिडी लावावी तर घंटांच्या भिंतीला पुरेल एवढी शिडी गावात नाही. राहिलं दार. कास्तुलो, माझा नवरा, कुऱ्हाड घेऊन आला खरा, पण दारासमोर येऊन उभाच राहिला. बाकीचे पुरुषही जमिनीकडे बघायला लागले. प्रत्येकानं त्या दारापायी लहानपणी तिची चापट खाल्ली होती.

“मारा की!” मावशी ओरडली. कुणी हललं नाही.

“शेळपटांनो,” ती म्हणाली आणि कुऱ्हाड काढून घेतली. आधी तिनं फळीवरून तळवा फिरवला, जत्रेआधी तेल लावून झाल्यावर फिरवायची तसा. मग घाव घातला. पहिल्या घावाला तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी आजवर कुणा बाईच्या तोंडून ऐकलेला नाही, बाळंतिणीच्याही नाही. ती रडत होती, नाक वाहत होतं आणि ती घाव घालत होती. “चोरा,” घाव. “माझे अक्रोड खातोस,” घाव. “आणि वर माझं दार खातोस!” लोखंडी वेल वाकली, फळी फाटली आणि पडवीभर साबिनाचा वास सुटला. मीही रडत होते. कास्तुलोनं फटीतून हात घालून नवं कुलूप आतून उघडलं.

ती त्या वयात तो जिना चढली. लोलक नव्हता, दोर नव्हता. तिनं कुऱ्हाड उलटी धरली आणि मागच्या बाजूनं बार्बराला तीन ठोके दिले. थांबली. खाली आम्ही प्रार्थना म्हणत होतो, मोठ्यानं, तिला थांबा कळावा म्हणून. पुन्हा तीन. मध्येच चार वाजले आणि यंत्रानं आपले चार हाणले. तिची शिवी खालपर्यंत ऐकू आली. कास्तुलो धावत वर गेला आणि त्यानं ती वायर मुळापासून उपटली.

ती वाजवत राहिली. कास्तुलोनं कुऱ्हाड मागितली तर त्याला ढकललं. उजेड पार मावळायच्या बेताला आला तेव्हा दफनभूमीच्या बाजूनं खोकल्याचा आवाज आला. फिलेमोन. ओठ काळेनिळे, भिवया पांढऱ्या, हातात आळंब्यांची टोपली तशीच. बसून बसून पाय लाकडासारखे झालेले, दोघांनी धरून त्याला माझ्या चुलीपाशी आणला. बडीशेपेच्या दारूचा घोट पोटात गेला तशी त्याला वाचा फुटली. मावशी दारात उभी होती, तळहात सोललेले.

“काय गं ए बये,” तो तिला म्हणाला. कित्येक वर्षांनी सरळ तिला. “तीन वाजवून झोपलीस होय? मी मरत होतो तिकडं!”

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. “तुझ्यापायी माझं दार गेलं,” ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

फिलेमोनच्या पायाची दोन बोटं गेली. तो म्हणायचा, एक त्या यंत्राचं, एक बेल्त्रानसाहेबाचं. पुढं तो रोज अक्रोड गोळा करून तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि ती रोज दार उघडून म्हणायची, “तुझ्यापायी माझं दार गेलं.” यापलीकडे त्यांचं बोलणं नव्हतं, पण ते चुकलंही नाही.

पोलीस पोचले रात्री. हवालदार डोंगरपट्टीतलाच, समजूतदार. मावशी त्याच्यापुढं उभी राहिली. “लिही. दार बेनिल्देनं तोडलं.”

“मावशी, घरी जा. मी काही ऐकलं नाही,” तो म्हणाला.

“बहिरा आहेस का? लिही!”

त्यानं लिहिलं, ‘अज्ञात’. त्यानं भल्यासाठीच केलं, आठशे वर्षांचं दार तोडणं म्हणजे खटला. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो कार्यालयावर. त्यांना तो शब्द आयताच मिळाला. बेल्त्रान त्या दुपारी फोनवर तिच्याशीच बोलला होता, त्याला काय ठाऊक नव्हतं? पण नाव लिहिलं तर कारण लिहावं लागतं. आणि कारण लिहायचं तर तीनचे तीन टोले लिहावे लागतात, दोर काढल्याचं लिहावं लागतं, हसल्याचं लिहावं लागतं. त्यापेक्षा ‘समाजकंटक’ सोपं. दाराचे तुकडे त्यांनी नेले. म्हणे अभ्यासासाठी. यंत्राची उपटलेली वायर पुन्हा जोडली. नवं दार आलं, लोखंडी, वरून लाकडासारखा रंग दिलेलं. वास कसला, वार्निशचा.

मग तो फलक लागला. मावशीनं चष्मा लावून सावकाश वाचला. दाराचं दुःख तिनं पचवलं होतं, हे तिला पचलं नाही. “मी अज्ञात?” ती मला विचारत होती. “समाजकंटक म्हणा, काही हरकत नाही, तोडलं ते तोडलं. पण अज्ञात? मी या दाराला जन्मभर तेल घातलंय, माझ्याशिवाय दुसऱ्या कुणा ऐऱ्यागैऱ्याला ते तोडायचा हक्क तरी आहे का?”

रविवारी प्रार्थना सुटल्यावर सगळ्यांदेखत ती काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली, ‘अज्ञात समाजकंटकांनी’ यावर फुली मारली आणि वर ठसठशीत लिहिलं: ‘बेनिल्देनं, फिलेमोनसाठी’. कार्यालयाच्या माणसानं येऊन पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं. त्यांनी फलक बदलला, तिनं नव्यावर लिहिलं. हे तिच्या शेवटच्या हिवाळ्यापर्यंत चाललं.

ती गेली तेव्हा बार्बरा बाईचे टोले देऊ शकली नाही. किल्ली शहरात. आम्ही शवपेटी पडवीत ठेवली होती आणि वर यंत्र अकरा वाजल्याचं सांगत होतं, त्या पेटीवर. माझ्या आयुष्यात मला एवढा राग कधी आला नाही, नवऱ्याचाही नाही. फिलेमोन तिच्या घरी गेला आणि दारामागच्या खिळ्यावरची ती हातभर किल्ली घेऊन आला. पिळाच्या खांबावर त्यानं त्या किल्लीनं बाईचे टोले दिले. लोखंड दगडावर. गल्लीच्या पलीकडे ऐकूही गेलं नसेल.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचा माणूस आला, फलक पुसून लख्ख केला. त्यांना वाटलं, म्हातारी गेली, कटकट गेली. रविवारी फिलेमोन काठी टेकत आला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून गेला. मग त्याचे हात थरथरायला लागले, तशी गावकी बसली. त्याच पडवीत. फार बोलणं झालंच नाही. ओढ्याच्या बांधाला असते तशीच पाळी लावली, घरटी एक माणूस. त्यांनी पुसलं की येत्या रविवारी ज्या घराची पाळी असेल त्यानं लिहायचं.

काल ते येऊन पुसून गेले. या रविवारी आमच्या घराची पाळी आहे. कास्तुलो म्हणतो मी लिहितो, पण त्याचं अक्षर मला पसंत नाही. ब्रश मी आत्ताच धुऊन चुलीपाशी वाळत ठेवलाय.